संसाराची तारीख

एकत्र राहायला तुम्ही कधी सुरुवात केलीत, असा एक प्रश्न कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या अर्जात आहे आणि त्याच्या चौकटीत तारीख भरावी लागते. लग्न झालेल्यांकडे उत्तर तयार असतं. पत्रिकेवर तिथी असते, मुहूर्त असतो, नगरपालिकेच्या दाखल्यावर तारीख असते. आमच्याकडे असं काहीच नव्हतं. हॅमिल्टनमधल्या माझ्या भाड्याच्या घरात आधी त्याचा टूथब्रश आला, मग बर्फातले बूट, मग फ्रिजच्या दारात त्याच्या इन्सुलिनची पेनं, मग सायकल, आणि मग एका महिन्यात त्यानं आपल्या जुन्या खोलीचं भाडं देणं बंद केलं. यातली कुठली तारीख लिहायची? अख्खी संध्याकाळ त्या एका चौकटीवर गेली.

तो ब्राझीलचा. इथल्या कॉलेजात दोन वर्षांची पदविका करायला आला, आणि ती झाल्यावर मिळतं ते तीन वर्षांचं वर्क परमिट त्याला मिळालं. ते २०२५च्या उन्हाळ्यात संपणार होतं, आणि ते परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. मी मूळची वाईची, आता कॅनडाची नागरिक. त्यामुळे जोडीदार म्हणून त्याला स्पॉन्सर करण्याचा हक्क मला होता. हक्क आहे एवढंच ठाऊक होतं, पुढचं काही नाही.

कायद्यातली व्याख्या तशी दोन ओळींची आहे. दोन माणसं पती-पत्नीसारख्या नात्यानं निदान एक वर्ष सलग एकत्र राहिली असतील तर ती कॉमन-लॉ जोडीदार. २८ जून २००२ला कॅनडाचा आजचा इमिग्रेशन कायदा लागू झाला, त्यात लग्न न केलेल्या जोडीदारांना, मग ते स्त्री-पुरुष असोत, दोन स्त्रिया असोत की दोन पुरुष, विवाहितांच्या बरोबरीनं जागा मिळाली. त्यामागे १९९९चा एक निकाल आहे. दोन स्त्रिया बरीच वर्षं एकत्र राहून वेगळ्या झाल्या आणि त्यांतल्या एकीनं पोटगी मागितली. ओंटारियोच्या कायद्यात ‘जोडीदार’ म्हणजे फक्त स्त्री आणि पुरुष असं होतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. दोन माणसं पती-पत्नीसारखी राहतात म्हणजे काय, हेही त्या निकालात आलं आहे: एक छप्पर, शरीराचं आणि मनाचं नातं, घरकामातली वाटणी, पैशाचा व्यवहार, चारचौघांतला वावर, मुलंबाळं, आणि समाज त्यांना काय समजतो. प्रत्येक जोडप्यात हे सगळं असलंच पाहिजे असं नाही, हेसुद्धा न्यायालयानं सांगून ठेवलं. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा जरा धीर आला. कारण आमच्याकडे मूल नव्हतं, घर विकत घेतलेलं नव्हतं, आणि समाज आम्हाला काय समजतो या प्रश्नाचं उत्तर वाईत एक आणि हॅमिल्टनमध्ये दुसरं होतं.

‘मग लग्नच का नाही करून टाकत?’ हे मला सगळ्यांनी विचारलं. घरमालकिणीनं, लॅबमधल्या मैत्रिणींनी, आणि अर्थातच आईनं. प्रश्न रास्त आहे. इथे लग्न करायला परवाना आणि दोन साक्षीदार लागतात, एका दुपारी होऊन जातं. खात्यासमोर लग्न झालेल्यांना निदान एक वर्ष एकत्र राहिल्याचं सिद्ध करावं लागत नाही. त्यांचं नातं खरं आहे का, एवढंच तपासलं जातं.

पण माझं एक लग्न झालेलं आहे. २०१३ साली, साताऱ्याच्या मंगल कार्यालयात, दोन्हीकडची मंडळी, मानपान, रुखवत, सगळं यथासांग. मुलगा कॅनडाचा. त्यानं मला स्पॉन्सर केलं आणि २०१४च्या वसंतात मी टोरांटोला उतरले. तेव्हाचे फॉर्म एका सल्लागारानं भरले होते. आम्ही कसे भेटलो, एकमेकांविषयी काय वाटतं, हे प्रश्न तेव्हाही होतेच. त्यांची उत्तरं माझ्या वतीनं त्यानं लिहिली. माझ्यासमोर कागद आले ते सहीच्या जागी खुणेची चिठ्ठी लावूनच. लग्नाचा अल्बम जोडला आणि काम झालं.

त्या काळात एक नियम होता, तो आता पुष्कळांना आठवतही नसेल. ऑक्टोबर २०१२पासून, लग्नाला किंवा एकत्र राहण्याला दोन वर्षं झालेली नसतील आणि मूल नसेल, तर स्पॉन्सर होऊन आलेल्या जोडीदाराचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, सशर्त असायचा. येऊन दोन वर्षं त्याच माणसाबरोबर राहायचं, नाही राहिलात तर पीआर जाऊ शकतो. छळ होत असेल तर या अटीतून सूट होती. ते मला खूप नंतर कळलं. मला घरात एवढंच सांगितलं जायचं की दार उघडून गेलीस तर थेट विमानतळावर. मी दोन वर्षं पुरी होण्याची वाट बघितली आणि २०१६मध्ये बाहेर पडले. ही अट सरकारनं एप्रिल २०१७मध्ये काढून टाकली. अनेक बायका या अटीमुळे मार खात राहतात असं स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था पहिल्यापासून सांगत होत्या. मी त्यांच्यापैकी कुणाला भेटले नव्हते, पण त्या माझ्याविषयीच बोलत होत्या.

म्हणून लग्नाच्या दाखल्यावर माझा भरवसा राहिलेला नाही. माझ्या ब्राझीलच्या जोडीदाराचाही लग्नाचा आग्रह नव्हता. ब्राझीलच्या १९८८च्या राज्यघटनेनंच लग्नाशिवायच्या स्थिर सहजीवनाला कुटुंब म्हणून मान्यता दिलेली आहे. तिथले लोक नोटरीच्या कचेरीत जाऊन तसा दस्त करतात आणि नांदतात. त्याच्या थोरल्या बहिणीचा संसार असाच आहे. आम्ही एकत्र राहतो हे त्याच्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

अर्ज भरायला घेतला तेव्हा पहिली धास्ती माझ्या स्वतःच्या पात्रतेची. जो स्वतः जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन आला, त्याला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. मधल्या काळात नागरिकत्व मिळालं तरी नाही. २०१२च्या मार्चपासून हा नियम आहे. मी २०१४ची, म्हणजे माझी बंदी २०१९लाच संपलेली. पण हे कळेपर्यंत मी जुनं कागदपत्रांचं खोकं तीनदा उपसलं होतं. त्यात घटस्फोटाचा आदेश सापडला, पण प्रमाणपत्र नव्हतं. घटस्फोट आदेशाच्या दिवशी लागू होत नाही, एकतिसाव्या दिवशी होतो, आणि त्याचं वेगळं प्रमाणपत्र कोर्टातून मागून घ्यावं लागतं. ते आधी मागवलं.

दुसरी धास्ती उत्पन्नाची. मी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, पगार बेताचा. आईवडिलांना स्पॉन्सर करायचं तर उत्पन्नाची मोठी अट असते, तीच इथे असेल असं मी धरून चालले होते. तशी ती नसते. जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट सहसा नाही. फक्त तुम्ही स्वतः सरकारी मदतीवर नको, अपंगत्वाची मदत सोडून. आणि तिसरी धास्ती त्याच्या मधुमेहाची. वैद्यकीय तपासणी खात्याच्या यादीवरच्याच डॉक्टरकडे होते, आणि सरकारी आरोग्यसेवेवर फार भार पडेल अशा आजारामुळे काही अर्जदारांना नकार मिळू शकतो. स्पॉन्सर केलेल्या पती, पत्नी आणि कॉमन-लॉ जोडीदाराला कायद्यानंच यातून वगळलं आहे. ती ओळ मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. त्यानं परत वाचायला लावली.

आता पुरावे. माझं खरं गोंधळणं इथून सुरू झालं.

कॉमन-लॉ जोडप्याकडून काय मागतात? दोघांच्या नावाचा भाडेकरार. दोघांच्या नावाची वीज-गॅसची बिलं. जोडखातं. एकाच पत्त्यावरचे वाहन परवाने. विम्यात वारस म्हणून एकमेकांचं नाव. वीसपर्यंत फोटो. आणि नोटरीसमोर शपथेवर केलेलं कॉमन-लॉ नात्याचं प्रतिज्ञापत्र, ज्यात जोडखातं आहे का, एकत्र भाडेकरार आहे का, आयकराच्या विवरणात हे नातं जाहीर केलं आहे का, असं एकेक विचारलेलं असतं.

आमच्या भाडेकरारावर माझं एकटीचं नाव होतं. गॅसचं बिल माझं, इंटरनेट त्याचं. वाणसामान तो आणायचा, भाडं मी भरायची, महिनाअखेर हिशेब तोंडी. खरा संसार असाच चालतो, आणि त्याचा कागद उरत नाही. आम्ही कागद शोधायला लागलो तेव्हा तो भलत्याच ठिकाणी मिळाला. त्याच्या जुन्या घरमालकाला त्यानं खोली सोडण्याची नोटीस दिली होती, तिच्यावर शेवटची तारीख होती; चौकटीत आम्ही तीच लिहिली, कारण तिच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला दुसरं घर नव्हतं. त्याच्या वाहन परवान्यावरचा पत्ता लगेच बदललेला होता, ओंटारियोत तो सहा दिवसांत कळवावाच लागतो. औषधांच्या दुकानाची पुडकी माझ्या पत्त्यावर येत होती. माझ्या नोकरीच्या आरोग्यविम्यात मी त्याचं नाव घातलं होतं, कारण इन्सुलिन महाग पडत होतं. त्या विमा कंपनीचं पत्र आमच्या अर्जातला सगळ्यात भक्कम कागद ठरला असावा असं मला वाटतं. कुणाला दाखवण्यासाठी ते केलेलं नव्हतं, गरजेपोटी केलं होतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

घरमालकिणीनं पुढच्या भाडेकरारावर त्याचं नाव आनंदानं घातलं आणि तो पहिल्यापासून इथे राहतो असं सही करून लिहूनही दिलं.

करखात्याचं मात्र आधी डोक्यातच आलं नव्हतं. बारा महिने सलग एकत्र राहिलं की इथल्या आयकराच्या दृष्टीनंही तुम्ही कॉमन-लॉ होता, आणि ते त्यापुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवायचं असतं. तिथे एकटी आणि इथे जोडीदार, असं चालत नाही. इमिग्रेशनचा अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू शकतो. आम्ही वेळेत कळवलं. दर तिमाहीला मिळणारी विक्रीकराची सवलत दोघांच्या एकत्र उत्पन्नावर मोजली गेली आणि कमी झाली. मला त्याचं काही वाटलं नाही. एका सरकारी खात्यानं आम्हाला एक घर म्हणून मोजलं, ते पहिल्यांदाच.

सलग वर्षाच्या हिशेबात एक गोष्ट मला रात्ररात्र जागवायची. त्या वर्षात बाबांचं बायपासचं ऑपरेशन झालं होतं आणि मी दीड-एक महिना पुण्याला आणि वाईला होते. म्हणजे सलगता तुटली का? मोजणी पुन्हा पहिल्यापासून? एका मोफत कायदा सल्ला केंद्रात वेळ घेऊन गेले. तिथल्या वकीलबाईंनी समजावलं की कामासाठी, घरच्या आजारपणासाठी थोडा काळ दूर राहिलं तरी संसार चालू असेल तर सलगता मोडत नाही. फक्त तो चालू होता हे दिसलं पाहिजे. विमानाची तिकिटं, हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद, आणि त्या दिवसांतले आमचे मेसेज जोडले. मेसेज निवडताना त्यातलं बहुतेक सगळं घरगुतीच निघालं. गॅसवाला उद्या येणार आहे. बाबांना आज खुर्चीत बसवलं. तू जेवलास का. शुगर किती आली. एका अनोळखी माणसानं हे वाचायचं या कल्पनेनं आधी अंगावर काटा आला होता. वाचून झाल्यावर वाटलं, वाचू दे.

आणि मग तो प्रश्न, जो मी सगळ्यात शेवटपर्यंत कोरा ठेवला. तुमच्या नात्याविषयी दोन्ही घरच्यांना माहीत आहे का? नसल्यास कारण लिहा.

त्याच्या बाजूचं उत्तर एका ओळीत झालं. माझ्या बाजूचं? बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तो रोज फोनवर असायचा, आणि आईला मी सांगितलं होतं की ऑफिसातला मित्र आहे. वाईत गणपती आळीत राहणाऱ्या माणसांना लेकीचा घटस्फोट पचवायलाच किती वर्षं लागली, हे मी बघितलं होतं. त्यांच्यावर आणखी एक ओझं नको म्हणून मी गप्प होते. पण या प्रश्नापाशी मला एक गोष्ट स्पष्ट दिसली, आणि ती माझ्यासारख्या सगळ्यांना लागू आहे. ज्यांना आपलं नातं घरापासून लपवावं लागतं, त्यांच्याकडेच पुरावे सगळ्यात कमी असतात. ते फोटो काढत नाहीत, काढले तरी कुठे टाकत नाहीत. पत्त्यावर दुसऱ्याचं नाव येऊ देत नाहीत. सणाला एकटेच जातात. आणि मग एक दिवस सरकार म्हणतं, दाखवा, लोकांना माहीत आहे का. लपवणं हा त्यांचा दोष नसतो. अर्जात कारण लिहायला जागा ठेवली आहे हे चांगलं आहे, आणि खरं कारण लिहिलेलं अधिकारी समजून घेतो असं वकीलबाई म्हणाल्या. मी कारण लिहूनच मोकळी होऊ शकले असते. पण मला ते लिहायचं नव्हतं.

इथली रात्र होती, तिकडे सकाळ. बाबा अंगणात फेऱ्या घालून आले होते. मी सगळं सांगितलं. आई मधूनच उठून आत गेली. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांची सगळी नोकरी वाईच्या कोर्टात लिपिक म्हणून झाली, त्यामुळे त्यांनी पहिलं विचारलं ते असं: ‘तुमच्याकडे याला कायदा काय आहे?’ मी व्याख्या वाचून दाखवली. मग म्हणाले, ‘आपल्याकडेही आहे. दोन हजार पाचचा, घरगुती हिंसाचाराचा. त्यात लग्नासारखं नातं धरलेलं आहे. सुप्रीम कोर्टानं दोन हजार दहा साली सांगितलं, की समाजासमोर नवरा-बायकोसारखं राहायला पाहिजे, दोघं लग्नाला मोकळी पाहिजेत, आणि स्वखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेली पाहिजेत. आमच्याकडे अशा केसेस यायच्या.’ बाबा माझ्याशी या विषयावर, या शब्दांत बोलतील असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्या केसमधल्या बायकांविषयी त्यांनी घरात कधी एक शब्द काढला नव्हता.

पत्र लिहून द्याल का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, बघतो. पंधरवड्यानं त्याचा फोटो आला. फुलस्केपवर, समास सोडून, मोत्यासारख्या अक्षरात. ‘लिहून देणार’ पासून सुरुवात. माझी कन्या अमुक तारखेपासून श्री. अमुक यांजबरोबर एका घरात संसार करून राहत आहे. माझ्या आजारपणात सदर गृहस्थांनी तिच्या गैरहजेरीत घर सांभाळले व दररोज माझ्या प्रकृतीची चौकशी केली, हे मी स्वतः जाणतो. हे नाते मला मान्य आहे. खाली सही, तारीख, आणि आधारकार्डाची प्रत.

इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेला प्रत्येक कागद भाषांतरासह द्यावा लागतो, आणि ते भाषांतर अर्जदारानं किंवा त्याच्या घरच्या कुणीही केलेलं चालत नाही. त्यामुळे माझ्या वडिलांचं पत्र मी भाषांतरित करू शकत नव्हते. टोरांटोतल्या एका प्रमाणित भाषांतरकार बाईंकडे ते गेलं. त्यांनी फोन करून विचारलं, ‘संसार करून राहत आहे’ हे साध्या ‘राहते’ इतकंच लिहू की पूर्ण लिहू? पूर्ण लिहा, म्हटलं.

आईनं पत्र दिलं नाही. ‘लग्न कर, मग हवं तितक्या कागदांवर सही करते,’ असं तिचं म्हणणं आहे आणि ते अजून तसंच आहे. तिला जे वाटतं ते मला समजतं, आणि तिच्या सहीसाठी मी पुन्हा विचारलं नाही. अर्जात आम्ही जसं आहे तसं लिहिलं: वडिलांना माहीत आहे व मान्य आहे, आईला माहीत आहे, मान्य नाही.

मग अर्ज आतून करायचा की बाहेरून, यावर खूप खल झाला. दोघंही कॅनडात असलो तरी दोन्ही वाटा उघड्या असतात. आतून, म्हणजे देशातल्या जोडीदाराच्या वर्गातून केला तर इथेच एकत्र राहत राहायचं, मधेच तो बाहेर गेला आणि परत येता आलं नाही तर अर्ज अडचणीत येतो, आणि नकार आला तर इमिग्रेशनच्या अपील मंडळाकडे दाद मागता येत नाही, फक्त निर्णयाच्या फेरतपासणीसाठी फेडरल कोर्टाकडे परवानगी मागता येते. बाहेरून, म्हणजे कुटुंब वर्गातून केला तर मंडळाकडे अपिलाचा हक्क राहतो. त्याची आई थकलेली आहे, कधीही जावं लागेल, म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. कुठल्याही मालकाकडे काम करू देणारं ओपन वर्क परमिट आता या वाटेनंही मागता येतं, आणि जुनं संपण्याआधी मागितलं तर उत्तर येईपर्यंत काम चालू ठेवता येतं. पोलिसांचा दाखला ब्राझीलचा, कारण गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या कॅनडाबाहेरच्या प्रत्येक देशाचा तो लागतो. शुल्क तेव्हा एकूण १२०५ डॉलर होतं, बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे. हे सगळं मार्गी लागलं.

शेवटी उरला हमीचा करार. स्पॉन्सर लिहून देते की जोडीदार पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षं त्याच्या मूलभूत गरजा मी भागवीन. त्यानं त्या काळात सरकारी मदत घेतली तर ती रक्कम मी सरकारला परत करीन. नातं तुटलं, घटस्फोट झाला, तरी ही हमी सुटत नाही. तो लिहून देतो की स्वतःच्या पायावर उभं राहायचा आपण प्रयत्न करू.

असाच कागद २०१३ साली माझ्यासाठी कुणीतरी लिहून दिला होता. २०१६च्या हिवाळ्यात मी एका तळघरातल्या खोलीत राहत होते, किराणा दुकानात पहाटेची पाळी करत होते आणि तरी पैसे पुरत नव्हते. सरकारी मदतीसाठी मी अर्ज केला नाही. मी मदत घेतली तर ते पैसे त्याच्याकडून वसूल होतील आणि तो माझा पत्ता शोधत येईल, ही भीती होती. आता त्याच करारात मी एक वाक्य वाचलं: स्पॉन्सरकडून ज्यांचा छळ किंवा मारहाण होते आहे त्यांनी त्याच्यापासून दूर सुरक्षित जागी जावं, त्यासाठी सरकारी मदत मागावी लागली तरीही. माझी नजर त्या वाक्यावरून पुढे जाईना.

माझ्या जोडीदाराला बोलावलं. शेजारी बसवून करार पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला, अडेल तिथे त्यानं पोर्तुगीजमध्ये समजून घेतलं. मी सांगितलं, पीआर झालास की तुझा इथला दर्जा तुझा असेल. माझ्याशी भांडलास, मला सोडून गेलास, तरी तो माझ्या हातात नसेल. माझं कधी डोकं फिरलं आणि मी तुला परत पाठवीन म्हटलं, तर विश्वास ठेवू नकोस, आणि हे वाक्य कुठल्या पानावर आहे ते लक्षात ठेव. तो गप्प ऐकत होता. मग त्यानं विचारलं, हे तुला तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं का? त्या रात्री मी त्याला ती दोन वर्षं सगळी सांगितली, जी तोवर तुकड्यातुकड्यानंच सांगितली होती.

लग्नाचा दाखला असो वा नसो, या देशात जोडीदाराच्या मागून येणाऱ्या प्रत्येक माणसाला हा करार त्याच्या भाषेत वाचून दाखवला गेला पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे. वाचून दाखवणारा स्पॉन्सर नको, त्याचा सल्लागारही नको. आमच्या मंडळाच्या गणपतीला नव्यानं आलेल्या मुली भेटतात, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन एवढंच विचारते की तुझ्या सहीचा कागद तू वाचलास का, आणि त्याची प्रत तुझ्याकडे आहे का. बहुतेकींकडे नसते.

आम्ही दोघांनी सह्या केल्या, स्कॅन करून सगळं पोर्टलवर चढवलं. काही आठवड्यांनी पोच आली, पाठोपाठ त्याचं ओपन वर्क परमिटही आलं. वैद्यकीय तपासणी झाली, पार्श्वभूमीची चौकशी चालू आहे. बिलं आणि बँकेची विवरणं आम्ही अजून दर महिन्याला त्याच फोल्डरमध्ये ठेवतो, कारण मधेच पुन्हा मागू शकतात. पोचेवर अर्जाचा क्रमांक होता. तो मी त्याच दिवशी बाबांना कळवला. केसला नंबर पडला की सांग, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.